घासून न गेलेली चांदी

आत्या, आपल्या देव्हाऱ्यातल्या एकाही देवाला नाक नाही. सुतक फिटल्यावर देव उजळायला बसलो तेव्हा हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. चांदीचे पाच टाक, आणि पाचही गुळगुळीत. एकवीरेचे डोळे पुसलेत, खंडोबाच्या घोड्याचे पाय पुसलेत. शेजारच्या शेवंतीमावशीची सून नवीन आहे, तिने भाबडेपणाने विचारलं, "यातला खंडोबा कुठला?" मावशी डोळे पुसत होती, तरी म्हणाली, "जड लागंल तो. हिराबायच्या हाताखाली देव बी टिकले न्हाईत, तू काय इचारतंस!" आणि आम्ही तिघी तोंड दाबून हसलो. तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर. तू असतीस तर आमच्यापेक्षा मोठ्याने हसली असतीस.

तू गेलीस त्याला महिना होऊन गेला. मी आज लिहायला बसले, कारण काल नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता, आणि काल तू माझ्या प्रयोगशाळेत यायची होतीस. तसा शब्द दिला होतास, आणि शब्द देऊन तू मागे फिरल्याचं थळमध्ये कुणी पाहिलेलं नाही. काल काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण एकदम तिथेच गेले तर तू म्हणशील, "मासा काय शेपटीकडून साफ करतात गो?" म्हणून डोक्याकडून सुरू करते. म्हणजे त्या पहिल्या काचेपासून.

मी तेव्हा मुंबईतल्या एका संस्थेत नुकतीच संशोधनाला लागले होते. काम सांगायला सोपं होतं. स्वच्छ काचेवर चांदीचा एक थर द्यायचा, केसाच्या जाडीपुढे काहीच नाही इतका पातळ. मग त्यावर लेझरचा झटका मारायचा. चांदी क्षणभर वितळते आणि तापल्या तव्यावर पाण्याचे होतात तसे तिचे मणी होतात. हे मणी साध्या सूक्ष्मदर्शकाच्याही हाती लागत नाहीत. पण ते आहेत हे काचच सांगते, कारण चांदी एवढी बारीक झाली की ती पांढरी राहत नाही, पिवळी दिसते. हळदीच्या पाण्यासारखी.

चार महिन्यांत मनासारखी अशी एकच काच साधली होती. दोन पेरं लांब, एक पेर रुंद. सोमवारी ती सरांना आणि बाहेरून येणाऱ्या दोन परीक्षकांना दाखवायची होती. मध्ये गणपती आले. काच तिथे सोडून यायला जीव धजेना, म्हणून डबीत कापूस घालून मी ती थळला आणली. खरं सांगू? तुला दाखवायची होती. बाबा कंपनीच्या बोटीवर आणि आई त्यांच्यापायी उरणला, अशा दिवसांत दहावीपर्यंत मला तू वाढवलंस. अलिबागच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन जाण्याआधी माझा डबा भरलास. त्या डब्यांतून शेवटी काय निघालं, हे तू बघावंस असं मला वाटत होतं.

तू काच दाराशी नेऊन उजेडात धरलीस. "चांदी हाय हिच्यात?"

"व्हय."

"खरी?"

"खरी, आत्या."

"मंग कापसात कशाला ठेवतंस? खाऱ्या वाऱ्यात चांदी पिवळी पडतंय, मंग काळी पडतंय." मी म्हटलं, पडू दे, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि डबी देव्हाऱ्याजवळ ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागीलदारी आले तर तू दगडावर बसून देव उजळत होतीस. गणपतीच्या आदल्या दिवशी ते काम तुझं ठरलेलं. शेजारी चिंचेचा कोळ, राखेचा डबा, नारळाचा काथ्या. मला बघून तुझा चेहरा फुलला. ओला हात पुढे करून म्हणालीस, "बघ गो नयने, तुझी पिवळी पडली व्हती. कशी लख्ख केली!"

खरंच लख्ख होती. खिडकीच्या काचेइतकी लख्ख. चार महिन्यांची चांदी मोरीतून समुद्राच्या वाटेला लागली होती.

पुढचं मला लिहावंसं वाटत नाही, पण तू सोडणार नाहीस. मी किंचाळले. कळत नाही तर हात कशाला लावतेस म्हणाले. अडाणी म्हणाले. अडाणी ती अडाणीच, असं दोनदा म्हणाले. कुंपणापलीकडे शेवंतीमावशी भांडी घासत होती, तिच्या भांड्यांचा आवाज थांबला. ज्या बाईने मला पाढे येईपर्यंत जेवायला वाढलं नाही, तिला मी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं अडाणी म्हटलं.

तू ओरडायला कमी नव्हतीस. बाजारात तुझा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा. पण त्या दिवशी तू हात धुतलेस, काच अंगावरच्या फडकीला पुसलीस, माझ्या तळहातावर ठेवलीस आणि हळू म्हणालीस, "घासून जातंय ती चांदी न्हाय बाय. तो मळ."

सोमवारी मी रिकाम्या हाताने परीक्षकांपुढे उभी राहिले. नमुना साफ करताना खराब झाला, एवढंच सांगितलं. त्यातल्या एकाने विचारलं, कशाने साफ केला? मी म्हटलं, चिंच आणि राख. सगळे हसले. तो मात्र हसता हसता थांबला. म्हणाला, "राखेने जर जात असेल तर तो वापरायचा कशाला?" तुझंच वाक्य, आत्या, फक्त इस्तरी केलेलं. मी मान खाली घालून बाहेर आले. तुझ्यावरचा राग अजून गेला नव्हता, पण त्या रागात आता तू बरोबर होतीस ही बोच भरली.

दोष चांदीत नव्हता, काचेत होता. माझा लेझर हिरव्या प्रकाशाचा. हिरवा प्रकाश काचेतून आरपार जातो, काचेला त्याचा पत्ताही लागत नाही. तापते ती एकटी चांदी. तिचे मणी होतात आणि थंड, कडक काचेवर नुसते बसून राहतात. कुणीही यावं आणि पुसून न्यावं.

आता एक गोष्ट कबूल करते, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. पुढची संक्रांत. तू चुलीपुढे तिळाची भाकरी थापत होतीस. आपलं बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. मदत म्हणून मी तीळ घेतले आणि तव्यावरच्या भाजलेल्या भाकरीवर टाकले. तू भाकरी उलटलीस, सगळे तीळ चुलीत तडतडले. तू कपाळाला हात लावलास. "पीठ ओलं हाय तवर दाबायचं गो. भाजलेली भाकर काय धरतंय?" तशीच हातावरच्या ओल्या भाकरीवर बोटं दाबत गेलीस, आणि तीळ अर्धे आत, अर्धे वर रुतून बसले. मी उलथनं हातात घेऊन उभी राहिले. तू विचारलंस, भूत बघितलंस काय? मी काही नाही म्हटलं.

चांदी वितळायच्या क्षणी काचही ओली हवी होती. म्हणजे मऊ. आणि त्यासाठी असा प्रकाश हवा, जो काच आरपार सोडणार नाही, स्वतःच गिळेल. तो जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. सरांनी विचारलं, हे कुठे सुचलं? मी म्हटलं, वाचता वाचता. तिळाच्या भाकरीचं नाव घ्यायची मला लाज वाटली. तुला ते कधी सांगितलं नाही याची लाज आज वाटते.

तसा लेझर दुसऱ्या विभागात होता. त्याच्यावर वेळ मिळवायला वर्ष गेलं, त्याचा झटका बेताचा करायला आणखी दोन. कमी पडला तर मणी वरच राहायचे. जास्त झाला तर चांदीच उडून जायची. बरोबर साधला की काचेचा वरचा पापुद्रा तेवढा मऊ होतो, मणी अर्धे रुततात, आणि पापणी लवायच्या आत काच पुन्हा कडक. हे बरोबर साधणं म्हणजे काय, ते मला कळायचं एकाच ठिकाणी, तुझ्या मागीलदारच्या दगडावर.

कारण मी माफी मागितली नाही, आत्या. माफी मागायच्या ऐवजी मी तुला काचा आणून देत राहिले. दुसरी काच मी तुझ्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "घास." तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता ही काच माझ्या डोक्यात घालणार. तू पदर खोचलास, राखेचा डबा ओढलास आणि जी बसलीस ती थेट जेवणाच्या वेळेला उठलीस. तोवर तिची पिवळी झाक गेली होती. तुझ्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

मग ते आपलं ठरूनच गेलं. मी काच आणायची, तू घासायची, आणि रंग गेला की फोन करायची. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "नयने, उतरली तुझी चांदी." एवढं बोलून बंद. कधी दोन दिवसांनी यायचा तो फोन, कधी आठवड्याने. एकदा सरांच्या देखत आला आणि आवाज तुझा, त्यामुळे सगळ्या खोलीने ऐकला. तेव्हापासून आमच्या वहीत एक नवा रकाना आला: 'थळची घासणी'. ताप, दाब, झटक्याची ताकद, आणि शेवटी थळची घासणी, किती दिवस. माझ्यामागून आलेल्या पोरी दुसऱ्या संस्थांत गेल्या तर तिथेही विचारत, तुमच्याकडे थळची घासणी करत नाहीत का? हेही मी तुला सांगितलं नाही. आधीच डोक्यावर बसली होतीस, आणखी कुठे बसवू!

आपलं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर अडलं होतं. "ह्याचा उपेग काय?" दर वेळी तेच. मी सांगायचे: काही विषारी गोष्टी पाण्यात, खाण्यात इतक्या थोड्या असतात की कुठे सापडत नाहीत. पण या चांदीच्या मण्यांवर तो थेंब ठेवला आणि त्यावर प्रकाश टाकला की त्या स्वतःचं नाव सांगतात. आजवर अशा पट्ट्या एकदा वापरून फेकाव्या लागतात, कारण धुतल्या की मणी जातात. मला धुता येणारी, घासता येणारी पट्टी हवी आहे.

"माशाचं सांगंल काय? बाहीरचा मासा येतंय, त्याला औषध मारतात बोलतात."

"आज नाही. पण एक दिवस सांगेल."

"मी आज सांगतंय. कल्ला उचलला की मना समजतंय."

"तुला समजतं गं, गिऱ्हाइकाला कसं समजणार?"

"गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर इस्वास ठेवायचा!" सुरमई घेताना तुझ्या तोंडाकडे बघितलं तर माणूस पिशवी टाकून पळेल, असं म्हटलं तेव्हा तू मला पाटीतला बर्फ मारलास. तो वाद तसाच राहिला. मला अजूनही वाटतं माझं बरोबर आहे, आणि तुझंही फारसं चूक नाही.

यंदाच्या होळीला मी सतरावी काच आणली. ती हातात घेतल्यावर तू नेहमीसारखी हसली नाहीस. नखाने टकटक केलंस, जिभेची थुंकी लावून बोट फिरवलंस. "ही येगळी हाय," म्हणालीस. मलाही तेच वाटत होतं, आणि बोलायची भीती वाटत होती. काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला यंदा समिती बसणार होती. इतक्या वर्षांनी पिवळी काच दाखवून भागणार नव्हतं. टिकते का, याचं उत्तर हवं होतं. सतरावी उतरली असती तर माझं काम संपलं असतं.

"नारळी पुनवेपतूर रोज घासीन," तू म्हणालीस. "रोज. तरी पिवळी ऱ्हायली तर पुनवेच्या दुसऱ्या दिशी तुझी मशीन बघाया येन."

मी तुला चिडवलं. म्हटलं, तुला आत सोडणार नाहीत. आमच्या सुरक्षेच्या साहेबांनी दारावर पाटी लावलीय, सैल, लोंबणारे कपडे नकोत. लुगडं चालणार नाही. तू उभी राहिलीस. गुडघ्याशी घट्ट कास मारलेलं लुगडं, कंबरेला करकचून खोचलेली फडकी. स्वतःभोवती एक गिरकी घेतलीस आणि विचारलंस, "माझं काय लोंबतंय गो? तुझी ती वढणी लोंबतंय. तुना सोडतात कशी?" मी समितीसाठी तीच तारीख मागून घेतली.

होळीनंतर फोन आला नाही. महिना गेला, दोन गेले. मी विचारलं की तू म्हणायचीस, "चाललंय." रंग आहे का? "पुनवेला समजंल." मी थळला आले तर काच दाखवायची नाहीस, डबा पाठीमागे घेऊन बसायचीस. मी रागावले. तुला दया आली असेल आणि काच उतरल्याचं तू माझ्यापासून लपवत असशील, असंही एकदा मनात आलं. आत्या, तू आणि दया! पण भीती माणसाला काहीही सुचवते.

आणि मग ती सकाळ. लेझरच्या खोलीत फोन नेत नाहीत, बाहेरच्या कपाटात ठेवतात. दोन तासांनी कपाट उघडलं तर शेवंतीमावशीचे अकरा फोन. तू चहा पिऊन मागीलदारी गेलीस, दगडावर बसलीस आणि उठलीच नाहीस. अलिबागला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दोन तासांत मी काय करत होते ते आठवतं. अठराव्या काचेवर प्रकाश टाकत होते. मी फार रडले. तुला न सांगितलेलं सगळं आठवून रडले, आणि त्यातली सगळ्यात मोठी होती त्या एका शब्दाची माफी, कुंपणापलीकडे ऐकू गेलेल्या शब्दाची.

त्या दिवसांत काच शोधायला मन धजलं नाही. माणूस गेलेलं असताना काच काय शोधायची? शोधली नाही याचं खरं कारण मात्र दुसरं होतं. ती उतरलेली सापडली असती तर तू माझ्यावर हसायलाही नव्हतीस.

देव उजळून झाले, तेव्हा शेवंतीमावशीने फडक्यात गुंडाळलेला तुझा राखेचा डबा माझ्यापुढे ठेवला. "त्या दिशी हितंच पडला व्हता. कोणी टाकून देल म्हनून मी उचलून ठेवला. आत हाय तुझी." मी डब्यात हात घातला. राखेतून काच निघाली, काळीकुट्ट. तिला पाणी लावायला मला किती वेळ लागला असेल, मावशीला विचार. शेवटी तीच म्हणाली, "धू की गो!" मी तांब्याने पाणी ओतलं. राख वाहून गेली. दाराशी उजेडात धरली.

पिवळी. आत्या, पिवळी! हळदीच्या पाण्यासारखी, पहिल्या दिवशी होती तशी. होळीपासून तू जाईपर्यंत, रोज, ज्या हाताने खंडोबाचं नाक घालवलं त्या हाताखालून निघालेली, आणि पिवळी. मी मागीलदारी ओरडले. सुतक नुकतं फिटलेलं घर, आणि मी सामना जिंकल्यासारखी ओरडले. मावशीच्या सुनेने कानावर हात ठेवले.

"तिला ठावं व्हतं," मावशी म्हणाली. "होळीच्या महिन्याभरातच ठावं व्हतं. बाजारात सगळ्यांना सांगत सुटली, माझी पोर काचंत चांदी रुजवतंय, माझ्या हातानं जात न्हाय म्हनजे बघा. मी बोलले, मंग पोरीला फोन कर. तर बोलली, पुनवेपतूर बोललंय तर पुनवेपतूर घासीन. मधीच सांगितलं तर ती निजंल."

डबा परत फडक्यात गुंडाळत ती म्हणाली, "तू तिला अडाणी बोललीस ना, त्या दिशी? ती हसून सांगायची. पोरगी बोलली ते खरंच हाय, पर आता त्यांच्या मोठ्या मोठ्या लोकांना माझ्या हाताबिगर समजत न्हाय."

आणि मावशीने तुझी पेटी उघडली. वरच ठेवलं होतंस. नवं हिरवं लुगडं, घडीही न मोडलेलं, वर फडकी, आणि एका पिशवीत सरांसाठी सुकट. तुझी यायची तयारी झाली होती.

तर काल. पहाटे शेवंतीमावशीने मला ते लुगडं नेसवलं. मला येत नाही, आणि तिने कास अशी आवळली की श्वास घेताना हिशेबाने घ्यावा लागत होता. पाऊस उघडला होता. रेवसला लाँच धरली, तुला एसटी लागते म्हणून आपण त्याच वाटेने जाणार होतो. मांडीवर राखेचा डबा, पिशवीत चिंच, काथ्या आणि सुकट. भाऊच्या धक्क्यावर उतरले तर मासळीवाल्या बायांनी मला वाट दिली. त्यांना वाटलं मी त्यांच्यातलीच. मी आहेच.

लेझरच्या खोलीच्या दाराशी सुरक्षेचे साहेब उभे. त्यांनी लुगडं बघितलं, पाटीकडे बोट केलं. मी म्हटलं, काय लोंबतंय ते दाखवा. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग उलटी एक मारली. मग लेझरसाठीचा चष्मा माझ्या हातात देऊन म्हणाले, "जा. उद्यापासून सगळ्यांना हेच नेसायला सांगतो." ही पैज तू जिंकलीस, त्याची नोंद घे.

समितीत पाच जण. सरांनी प्रस्तावना केली, मी आकृत्या दाखवल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, टिकाऊपणाचं काय? मी तुझा डबा टेबलावर ठेवला. राख, चिंचेचा कोळ, काथ्या. एक ताजी काच यंत्राखाली धरली, तिच्यावर इतक्या विरळ रंगद्रव्याचा थेंब ठेवला की पाणी आणि त्यात डोळ्यांना काही फरक नव्हता. पडद्यावर त्याच्या नावाची रेघ उठली. मग काच धुतली आणि अध्यक्षांना म्हटलं, "घासा." ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "जोर लावून. हे देवांची नाकं घालवणारं सामान आहे." त्यांनी कोट काढला, बाह्या सारल्या. घासताना माणूस कसा रंगात येतो ते तुला ठाऊक आहे. बाकीचे चौघेही उठून भोवती जमले. राख सगळ्या टेबलावर. काच पुन्हा यंत्राखाली, पुन्हा तोच थेंब. रेघ पुन्हा उठली, तिथेच, तेवढीच म्हणावी अशी.

मग मी सतरावी काढली. ही होळीपासून रोज घासलेली आहे, एवढंच सांगितलं. तोच थेंब ठेवला. रेघ उठली. किंचित बुटकी, खोटं कशाला बोलू. पण ताठ, आपल्या जागेवर, कुणालाही दिसेल अशी. सरांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मी तिथे उभी राहून रडलेही आणि हसलेही, आणि कास इतकी घट्ट होती की दोन्ही नीट जमेना.

काम पुढे चालू राहणार आहे, आत्या. तिथल्या तिथे ठरलं.

निघताना अध्यक्षांनी विचारलं, ही घासणी कुणी ठरवली? बैठकीचा वृत्तांत लिहिणारा मुलगा पेन उचलून बसला होता. तेव्हा मी सगळं सांगितलं. तुझं पूर्ण नाव सांगितलं, गाव थळ, काम मासळी विकणं. पहिली काच तू घालवलीस आणि मळ कुठला, चांदी कुठली हे शिकवलंस, ते सांगितलं. सरांकडे वळून म्हटलं, सर, काच मऊ करायचं मला वाचता वाचता सुचलं नव्हतं, आत्याने तिळाची भाकरी थापताना सांगितलं होतं. आणि हेही सांगितलं, की या बाईला मी शेजाऱ्यांदेखत अडाणी म्हटलं होतं, आणि ते ऐकायला शेजारी होते तसे आज माफी ऐकायला तुम्ही असावेत अशी माझी इच्छा आहे. सरांनी सुकटीची पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं. तिकडे पाच परके होते आणि तू नव्हतीस. म्हणून आज पुन्हा म्हणते, इथे, मागीलदारी, कुंपणापलीकडे शेवंतीमावशी भांडी घासतेय तेव्हाच. आत्या, माझं चुकलं.

तिने भांडी थांबवली आणि विचारलं, "आता त्या काचंचं काय करतंस गो? द्येवाजवळ ठेवतंस?" मी म्हटलं, ठेवीन, पण आधी कामाला लावीन. तुझ्या दगडावर बसले. डब्यात अजून तू भरलेली चुलीची राख शिल्लक आहे. चिंच घेतली, काथ्या घेतला आणि बोटं दुखेपर्यंत घासली. पाणी ओतलं, दाराशी गेले, उजेडात धरली.

आत्या, उतरली नाही.